मागचा उजेड

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी अमरावतीच्या रस्त्यांवर ती अजून दिसते. परकोटाच्या आत, अंबागेटकडच्या गल्ल्यांत एवढीशी गाडीच बरी पडते. पंचाईत होते ती रात्री मागं घेताना. मागच्या दिव्यातल्या पांढऱ्या काचेआडचा २१ वॅटचा बल्ब जेमतेम बंपर उजळतो. उघडी नाली, दगड, बसलेलं जनावर काहीच दिसत नाही. म्हणून १८ वॅटचे दोन एलईडी दिवे घेतले आणि जुन्या कॉटन मार्केटकडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात.

नव्या दिव्यांच्या खोक्याला चाचांनी हातही लावला नाही. मला रिव्हर्स गिअर टाकायला लावला आणि जुना बल्ब पेटता ठेवूनच होल्डरमागे मीटरची टोकं टेकवली. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, इथे साडेदहा. बल्ब काढून मोजलं असतं तर आकडा पुरेपूर दिसला असता; करंट वाहत असतानाच तूट कळते. होल्डरच्या अर्थपासून बॉडीपर्यंतच जवळपास एक व्होल्ट अडकला होता.

"भाऊ, दोन होल्ट रस्त्यातच जाऊन राह्यले," चाचा म्हणाले. "नवे दिवे याच वायरवर लावले, तं थे बी उपाशीच राहतीन."

साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा वेगानं घटतो. बाराचे साडेदहा झाले की सुमारे एक तृतीयांश उजेड गेलाच. जुन्या गाडीचा दिवा मंद दिसला की लोक मोठा बल्ब टाकतात. त्यानं करंट वाढतो, तूटही वाढते आणि होल्डर वितळायला लागतो.

उपाय रिलेचा. गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच गिअर पडला की जुळतो. त्यावर दिव्यांचा भार टाकायचाच नाही, फक्त रिलेची कॉइल ओढायला लावायची. दोन दिवे तीन अँपिअर घेतात. कॉइलला अँपिअरच्या पाचव्या भागाहून कमी लागतं. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीची वायर, ८७ वरून दिवे, ८६ ला रिव्हर्स स्विच, ८५ बॉडीला. बॅटरीपासून वीतभर अंतरावर साडेसात अँपिअरचा तपकिरी फ्यूज. तो तिथेच हवा, कारण फ्यूजच्या अलीकडे वायर घासून बॉडीला टेकली तर आग अडवणारं काहीच उरत नाही. पुढून मागे जाणारी वायर मॅटखालून नळीत घालून नेली आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो अर्थला, आणि माझ्या मते हेच कामाचं मर्म आहे. डिक्कीतला रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरच्या टोकाला गोल लग दाबून बसवला, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. सांध्यांना डाख दिला, त्यावर आकसणारी नळी चढवली. नुसती टेप गुंडाळलेला सांधा चाचा मान्यच करत नाहीत. वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, बंद गाडी त्याहून तापते. टेपचा चिकटा पाघळतो आणि सांधा उघडा पडतो.

डॅशबोर्डवर वेगळं बटण द्याल का, असं मी विचारलं. मेळघाटात, सेमाडोहच्या बाजूला रात्री थांबावं लागलं तर मागे उजेड असावा, एवढाच हेतू होता. चाचांनी साफ नकार दिला. "मांगून येनाऱ्याले वाटन, गाडी मांगं येऊन राह्यली. थो ब्रेक मारन. कोनाचा जीव जाईन." ते मला पटलं. मागचा पांढरा दिवा गाडी मागे येत असल्याची खूण आहे आणि ती गिअरशीच बांधलेली असली पाहिजे. दिवेही खाली झुकवले, झोत मागच्याच्या डोळ्यांत न जाता जमिनीवर पडेल असे.

काम संपल्यावर इंजिन सुरू ठेवून दिव्यांच्या टोकाशी पुन्हा मोजलं: साडेतेराच्या वर.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते, पुढे दर पाच वर्षांनी, आणि त्या तपासणीत दिवे पाहिले जातात. जुन्या गाडीला जादा दिवे बसवणार असाल, तर दिवा पेटता ठेवून व्होल्टेज मोजून दाखवायला सांगा. आणि बॅटरीजवळ फ्यूज दिसल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.