लेबलावरचे वॅट आणि कानावरचा आवाज

वळसंगहून कांदा भरून सोलापूरच्या मार्केट यार्डात जाणाऱ्या पिकअपच्या चालकाला केबिनमध्ये जरा दणदणीत गाणी हवी असतात. हाताशी पैसे मोजकेच असतात. दुकानात एका खोक्यावर ५०० वॅट लिहिलेले, शेजारच्यावर २००० वॅट, आणि किमतीत फरक थोडाच! साहजिकच तो दुसरे उचलतो. हाच चालक उद्या आपल्याच शाळेतल्या एखाद्या मुलाचा भाऊ किंवा काका असतो, आणि मुलगा वर्गात विचारतो, "सर, वूफर कुठला घ्यायचा?" विजेचा आणि ध्वनीचा धडा शिकवायला याहून चांगली संधी आम्हाला तरी सुचत नाही.

आधी वॅटचे पाहू. इंजिन चालू असताना गाडीच्या विजेचा दाब साधारण १४ व्होल्ट असतो. अँप्लिफायरच्या कडेला बसवलेला फ्यूज पाहा. तो ३० अँपिअरचा असेल, तर १४ गुणिले ३०, म्हणजे ४२० वॅट. याहून जास्त शक्ती तो अँप्लिफायर फार वेळ घेऊच शकत नाही, फ्यूज उडेल. घेतलेल्यातलीही काही उष्णतेत जाते. 'डी' वर्गाच्या अँप्लिफायरमधून सुमारे ८० टक्के बाहेर पडते, जुन्या 'एबी' वर्गाच्या अँप्लिफायरमधून निम्म्याच्या आसपास. म्हणजे हाती लागतात २०० ते ३५० वॅट. मग २००० आले कुठून? क्षणभराचा कमाल आकडा, तोही छापणाऱ्याच्या मर्जीचा. 'आरएमएस' या अक्षरांपुढचा, सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा तेवढा विचारावा आणि तो फ्यूजच्या हिशेबाशी ताडून पाहावा.

पण खरी गंमत पुढे आहे. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. शक्ती दुप्पट झाली की पातळी फक्त ३ डेसिबलने चढते. कानाला फरक जाणवतो, पण थोडासाच. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते! याउलट स्पीकरच्या कागदावर 'संवेदनशीलता' नावाचा आकडा असतो : १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात तो. ८५ ऐवजी ९१चा स्पीकर घेतला, तर चौपट मोठा अँप्लिफायर घेतल्याइतका फायदा फुकटात होतो. दुकानदार सहसा हा आकडा सांगत नाही, कारण कोणी विचारत नाही.

आता पेटी. हा प्रयोग वर्गात जरूर करा. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर तारांसकट बाहेर काढून गाणे लावा. आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो. मग मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरएवढे भोक पाडून त्यावर तो घट्ट धरा. ढोलकीचा खर्ज एकदम भरून येतो! कारण सोपे आहे. स्पीकरचा पडदा पुढची हवा दाबतो, तेव्हा मागची विरळ होते. ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते. इतक्या लांब तरंगाला स्पीकरच्या कडेवरून वळसा घालून मागच्याला भेटायला वेळ लागत नाही आणि दोघे एकमेकांना मारतात. पुठ्ठा त्यांना दूर ठेवतो, पेटी मागच्याला कोंडूनच टाकते. म्हणून फटी असलेल्या पेटीतला महागडा वूफरही दुबळा वाटतो.

भोकाची पेटी घ्यावी की बंद? भोकाची पेटी बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी एका सुराला घुमते. माप जुळले तर उत्तम, नाहीतर प्रत्येक गाण्यात तोच 'बूं'. शिवाय ती मोठी असते. पिकअपमध्ये सीटमागे वीतभर जागा. तिथे ८ किंवा १० इंची वूफरची बंद पेटी बरी, असे आमचे मत. केबिन लहान आणि बंद असल्यामुळे अगदी खालचे सूर तिथे आपोआप उचलले जातात. हाच वूफर मागच्या उघड्या हौद्यात ठेवला तर ही मदत संपते, ध्वनी चहूकडे पसरतो. मिरवणुकीतल्या गाड्यांवर स्पीकरच्या भिंती आणि सोबत जनरेटर लागतो तो यामुळेच.

तारेवर मात्र काटकसर करू नये. बॅटरीपासून सीटमागे ५ मीटर तार लागते असे धरू. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून ३० अँपिअर गेले, तर तिच्यातच १ व्होल्ट गळतो आणि ३० वॅट उष्णता गालिच्याखाली तयार होते. १० चौरस मिलिमीटरच्या तारेत हे सगळे पावपटीवर येते. स्वस्त तार पात्याने खरवडून पाहावी; आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे, त्याची जाडी वाढवावी लागेल. आणखी एक फ्यूज बॅटरीपासून वीत-दोन वीत अंतरातच हवा. तो अँप्लिफायरला नव्हे, तारेला वाचवतो. वाटेत कुठे तार पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते आणि गाडी पेटते. इंजिन बंद ठेवून गाणी ऐकणाऱ्यांसाठी एक हिशेब : सरासरी १० अँपिअर धरले, तरी ६० अँपिअर-तासांची बॅटरी तीन तासांत अर्धी होते. मग यार्डात धक्का मारायला माणसे शोधायची.

राहता राहिला कान. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालेल असे मानतात, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या मोजणीत खर्ज कमी धरलेला असतो, कारण कानाला तो कमी ऐकू येतो. पण खर्जाच्या नादात आपण सगळे गाणेच चढवतो. १०० डेसिबलला मुदत उरते १५ मिनिटे. वळसंगहून मार्केट यार्डाला पोचायला याहून जास्त वेळ लागतो.