एक डबा, अनेक भाज्या

एरंडोलकडच्या घरांत काळा मसाला एकदाच कुटून ठेवतात. मग शेवभाजी असो की वांग्याची, चमचा त्याच डब्यात जातो. सॉफ्टवेअरमध्ये याला ‘प्रॉडक्ट लाइन’ म्हणतात: गाभा सामाईक, फरक तेवढे वेगळे.

पुण्यात १९६२ पासून असलेल्या कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकेत १९९४ च्या सुमारास हाच मार्ग धरला. इंजिन किती सिलिंडरचं, ट्रकमध्ये बसणार की जनरेटरला, यावर त्याचं नियंत्रक सॉफ्टवेअर ठरतं. दरवेळी नवं लिहिण्याऐवजी त्यांनी एकच गाभा घडवला.

पण खोबरं करपलं, की वर्षभराच्या भाज्या कडू! गाभ्यातली चूकही तशीच घरोघर पोहोचते. म्हणून कामाची पद्धत सोबतच सुधारावी लागते. सॉफ्टवेअर घडवण्याची पद्धत किती पक्की आहे हे मोजणारं १९९१ मधलं पाच पायऱ्यांचं ‘सीएमएम’ त्यासाठीच आलं. आपल्या कंपन्यांनी पाचवी पायरी जाहिरातींत भरपूर मिरवली. ‘सीएमएम’चा भर मात्र मुख्यतः एकेका प्रकल्पाच्या शिस्तीवर होता. प्रॉडक्ट लाइन आणि ही शिस्त जोडायची, तर तपासणीच्या कागदावर एक प्रश्न वाढवायचा: हा बदल गाभ्यात, की याच इंजिनापुरता? धुळ्याच्या पाहुण्यांना झणझणीत हवं, म्हणून कोणी डब्यात तिखट ओतत नाही. ते कढईत पडतं.