आ कर पाहू, तुझं वय सांगतो!

आरशासमोर उभे राहा आणि मोठ्ठा आ करा. आता खालच्या जबड्यात, पुढच्या मधल्या रेघेपासून एका बाजूनं मागे मोजत जा. पडलेल्या दाताची जागाही मोजा हं! सातवा दात लागला? मग तुम्ही बहुधा बारा-तेरा वर्षांचे किंवा मोठे. सहावरच गाडी थांबली? मग बहुधा त्याहून लहान.

गंमत वाटली ना? पण इंग्लंडमध्ये एकेकाळी ही गंमत नव्हती.

तिथल्या कापडगिरण्यांत तेव्हा लहान मुलं राबायची. तुटलेला धागा चटकन जोडायला बारीक बोटं बरी, आणि चालत्या यंत्राखालचा कापूस झाडायला छोटं अंग बरं! १८०२ मध्ये कायदा आला: गिरणीतल्या शिकाऊ मुलांना दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त काम नको. १८१९ मध्ये दुसरा आला: सूतगिरणीत ९ वर्षांखालचं मूल नको. पण रोज जाऊन तपासणार कोण? हत्तीचे दाखवायचे दात वेगळे म्हणतात ना, तसे हे कायदे नुसते दाखवायचे.

मग १८३३ च्या कायद्यानं चार सरकारी निरीक्षक नेमले. ९ ते १३ वर्षांच्या मुलांना आठवड्याला ४८ तासच काम, शिवाय रोज दोन तास शाळा. झालं की काम!

छे! खरी पंचाईत पुढेच होती. समोरचं पोर ८ वर्षांचं की १० वर्षांचं, कसं ओळखायचं? जन्मदाखला मागावा, तर इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८३७ मध्ये. आईबापांना विचारावं, तर घरात पैशांची ओढ. ते वय वाढवूनच सांगणार. मालकाला तर ते हवंच होतं. मग डॉक्टर अंगकाठी पाहून दाखला देत. कुणी उंची मोजे. पण पोटभर न जेवलेलं मूल खुजं राहतं, आणि एखादं लहान मूलही उंच असतं. उंची फसवते.

१८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्यानं वेगळीच युक्ती मांडली: दात बघा! त्यानं हजाराहून जास्त मुलांची तोंडं तपासली. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली कायमची दाढ येते, बाराव्याच्या आसपास दुसरी. मधल्या काळात दुधाचे दात पडून नवे येतात. उपासमारीनं उंची खुंटते, पण दातांचं वेळापत्रक त्यामानानं फारसं बिघडत नाही. म्हणून मोजपट्टीपेक्षा दाढ जास्त खरं बोलते.

अगदी बिनचूक नाही हं. कुणाची दाढ वर्षभर आधी येते, कुणाची उशिरा. पण अंदाजे सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आजही जन्मदाखला नसलेल्या मुलाचं वय ठरवायला डॉक्टर दातांचा एक्स-रे काढतात.

आपल्याकडे असा पहिला कारखाना कायदा आला १८८१ मध्ये. त्यात ७ वर्षांखालच्या मुलांना काम बंद झालं, आणि ७ ते १२ वर्षांच्यांना दिवसाला ९ तासांची मर्यादा आली. म्हणजे तुमच्याएवढी मुलं कायद्यानंच ९ तास राबू शकत होती!

आता पुन्हा आरशात बघा. ती मागची दाढ आली असेल, तर तिला नीट घासा. एकेकाळी तिच्यावर एखाद्या मुलाची शाळा अवलंबून असू शकली असती.