शेतमोजणीचं ॲप बनवताय? आधी कोणती भूमिती शिकाल?

समजा, रावेर तालुक्यात केळीच्या बागेच्या बांधावरून कुणी मोबाइल हातात घेऊन फेरी मारली. जीपीएसनं प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश टिपले. ॲपनं क्षेत्र दाखवलं ४३ गुंठे. शेत आहे बरोबर एक एकर, म्हणजे ४० गुंठे. हे वरचे ३ गुंठे आले कुठून?

चूक बहुतेक कोडमध्ये आहे. रावेर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. इथे अक्षांशाचा एक अंश जवळपास १११ किलोमीटरचा, पण रेखांशाचा एक अंश १०४ किलोमीटरचाच. दोन्हीकडे १११ धरले की क्षेत्र सात टक्क्यांनी फुगतं. अक्षांश-रेखांश आधी ‘यूटीएम झोन ४३’मध्ये बदलून मीटरमध्ये आणा, मग सूत्र लावा. आकडा जागेवर येतो. (मोबाइल जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतो, ती चूक मात्र कोणत्याच भूमितीनं जात नाही.)

‘ॲडव्हान्स जॉमेट्रीतली कुठली शाखा शिकू?’ असं विचारणाऱ्या डेव्हलपरनं आधी आपल्या हातात कोणता डेटा आहे ते बघावं. कोपऱ्यांची यादी असेल, तर संगणकीय भूमिती. फवारणीचा ड्रोन शेताच्या आत आहे की शेजाऱ्याच्या बागेवर, हे तीच सांगते. ड्रोनच्या बिंदूपासून एका दिशेला सरळ रेषा काढायची आणि ती बांधाला किती वेळा छेदते ते मोजायचं. विषम आकडा आला तर आत, सम आला तर बाहेर. पंधरा-वीस ओळींचा कोड.

हातात फोटो असतील, तर प्रक्षेपी भूमिती. केळीच्या समांतर ओळी कॅमेऱ्यात लांबवर एकत्र आल्यासारख्या दिसतात. त्या पुन्हा नकाशावर समांतर बसवण्याचं गणित तिथे आहे. पृथ्वीसारख्या वक्र पृष्ठभागावरची अंतरं विकलक भूमितीत येतात. वरचे ३ गुंठे त्याच खात्यातले.

राहिली बैजिक भूमिती. मशीनच्या भागांचं डिझाइन करणाऱ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये आणि रोबोटच्या हाताची हालचाल ठरवताना ती लागते. त्यातलं मोठं नाव मराठीच, डॉ. श्रीराम अभ्यंकर (१९३०-२०१२). अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात त्यांनी शिकवलं, पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभारलं आणि १९९० मध्ये खास शास्त्रज्ञ-इंजिनीअरांसाठी या विषयावर पुस्तक लिहिलं. पण ‘एम-थ्री’चा पेपर काढून विसरून गेलेल्यांनी सुरुवात तिथून करू नये. संगणकीय भूमितीला महिना-दोन महिने द्या; मेट्रिक्सचं गणित येत असेल तर प्रक्षेपी भूमिती त्यानंतर फार जड जात नाही.