रक्तातील शिसे मोजण्याच्या पद्धतींची तुलना

1998-99 च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतील तीन वर्षांखालील मुलांच्या रक्तातील शिसे मोजले गेले. बहुसंख्य मुलांचे मूल्य 5 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर यांच्या दरम्यान आले. त्या काळी चिंतेची मर्यादा 10 मानली जाई. म्हणजे मर्यादा नेमकी या पट्ट्याच्या आत होती. उपकरण दोन-तीन मायक्रोग्रॅमने चुकले, तर किती मुले अलीकडची पलीकडे जातील याचा विचार करा. पुढे अमेरिकेच्या सीडीसीने संदर्भमूल्य 2012 मध्ये 5 आणि 2021 मध्ये 3.5 वर आणले, तेव्हा हा प्रश्न आणखी अवघड झाला.

सर्वेक्षणातले उपकरण सोबत नेता येणारे होते. ते अॅनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्रीवर चालते. रक्तातले जवळजवळ सगळे शिसे तांबड्या पेशींत असते, म्हणून रक्त सौम्य आम्लात मिसळून आधी ते मोकळे करतात. इलेक्ट्रोडला ऋण विभव दिला की शिशाचे आयन त्यावर धातुरूपात साचतात. मग विभव धनाकडे नेला की शिसे पुन्हा विरघळते आणि त्या वेळी वाहणारी विद्युतधारा मोजली जाते. बोटातले काही थेंब पुरतात, उत्तर काही मिनिटांत मिळते. सुमारे 3 मायक्रोग्रॅमच्या खाली मात्र ते फारसे विश्वासार्ह नाही. शिवाय 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा एका उपकरणमालिकेवर शिरेतील रक्त तपासू नका, मूल्य कमी येऊ शकते, असा इशारा दिला होता.

ग्राफाइट भट्टी अणुशोषण पद्धतीत नमुना आधी वाळवतात, मग जाळतात आणि शेवटी दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवून शिशाचे अणू मुक्त करतात. हे अणू 283.3 नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतात यावरून प्रमाण कळते. पद्धत भरवशाची आहे, पण संथ आहे.

आयसीपी-एमएस सर्वांत संवेदनशील. इथे प्लाझ्मात तयार झालेले आयन वस्तुमानानुसार वेगळे होतात. शिशाची 206, 207 आणि 208 ही तिन्ही समस्थानिके मोजून बेरीज करावी लागते, कारण खाणीनुसार त्यांचे परस्पर प्रमाण बदलते. एकट्या 208 वर विसंबलात तर फसाल.

आता तुलना. विद्यार्थी बहुधा सहसंबंध गुणांक काढतात आणि 0.98 आला की खूश होतात. पण एक पद्धत प्रत्येक वेळी दुसरीपेक्षा 2 मायक्रोग्रॅम जास्त दाखवत असली, तरी हा गुणांक 1 येऊ शकतो! म्हणून ब्लँड आणि ऑल्टमन यांची रीत वापरा: प्रत्येक नमुन्यासाठी दोन मूल्यांतील फरक काढा आणि तो त्यांच्या सरासरीसमोर मांडा.

समजा, फरकांची सरासरी 0.5 आणि प्रमाण विचलन 1 आले. मग सुमारे 95 टक्के फरक -1.46 ते 2.46 यांच्या दरम्यान पडतील. नव्या उपकरणाने 20 दाखवले, तर संदर्भ पद्धतीचे मूल्य साधारण 17.5 ते 21.5 असेल आणि निर्णय तोच राहील. पण 4 दाखवले, तर ते 1.5 ते 5.5 कुठेही असू शकते. या मुलाबद्दल तुम्ही काय सांगाल?

रायपूरच्या गुढियारीसारख्या दाट वस्तीत तपासणी शिबिर भरवायचे झाल्यास मी बोटाच्या रक्तावर चालणारे सुटसुटीत उपकरणच नेईन. संदर्भमूल्याच्या आसपास किंवा त्यावर आलेल्या प्रत्येक मुलाचे शिरेतील रक्त शिसेमुक्त नळीत घेऊन भट्टीच्या किंवा आयसीपी-एमएसच्या प्रयोगशाळेत पाठवीन. त्याआधी मात्र मुलाचे बोट साबणाने नीट धुतलेले हवे. कातडीवरच्या धुळीतले शिसे थेंबात उतरले, तर पुढचे कोणतेही यंत्र ते रक्तातल्या शिशापासून वेगळे करू शकत नाही.