वजन खरं सांगा

गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघालात? स्की भाड्याने घेताना वजन, उंची, वय आणि सराव खरा सांगा. विचारलं नाही तरी. बुटाला स्कीशी जखडणारं बाइंडिंग त्याच हिशोबाने आवळतात. पडताना ते सुटायला हवं. ‘मला येतं’ या फुशारकीपायी ते जास्त घट्ट झालं, तर पाय पिळवटून नडगीचं हाड मोडू शकतं. वजन चोरलं तर ते सैल राहतं आणि भलत्या क्षणी स्की निसटते. दहा वर्षांनी पुन्हा जाणाऱ्यांनी जुना आकडा विसरावा. तेव्हाचं वजन आता कुठलं!

गुडघ्याला मात्र बाइंडिंगचं संरक्षण अपुरंच. पडताना गुडघ्यात ‘कट्’ झालं आणि तास-दोन तासांत सूज चढली, तर अस्थिबंध तुटल्याची दाट शंका घ्यावी. त्या दिवशी पुन्हा उतारावर जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा.