शहापूरचा कायदा मुरबाडला
‘तालातलं गणित’ : लेखांक ७

गेल्या आठवड्यात नियमांतून घडणाऱ्या संगीताची तोंडओळख झाली. ठोका न् ठोका आपण लिहायचा नाही. ठोके कसे जुळावेत याचे नियम लिहायचे आणि यंत्राने त्यांतून दर खेपेला नवं काही वाजवायचं, एवढं ध्यानात असलं तरी आजच्यापुरतं पुरे. त्याच रविवारी मी माझ्या शहापूरच्या लॅपटॉपवर छान वाजणारा प्रोग्राम मुरबाडच्या भाच्याला पाठवून दिला. पाचव्या मिनिटाला फोन. “मामा, काळ्या खिडकीत धा धा तिट पळतंय, पण आवाज कुठाय?”

माझ्याकडे लिनक्स, त्याच्याकडे विंडोज. किन्हवली-सरळगाव रस्त्याने रात्रीची गाडी हाकण्यापेक्षा फोनवरच गुंता सोडवू म्हटलं. अकरा वाजले. त्या रात्री जे हाती लागलं, ते आज सांगतो.

पण हा उद्योग मला सुचला कुठून, ते आधी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जिम किपन हा इंग्रज अभ्यासक लखनौ घराण्याचे उस्ताद अफाक हुसैन खाँ यांच्याकडे तबला शिकत होता. उस्ताद एका कायद्यातून, म्हणजे बोलांच्या ठरलेल्या रचनेतून, पलट्यामागून पलटे, म्हणजे तिचे फेरफार काढीत, आणि ते उतरवून घेताना किपनच्या नाकी नऊ येत. त्याने बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाला गाठलं आणि ॲपल टू जातीच्या चिमुकल्या संगणकावर ‘बोल प्रोसेसर’ उभा राहिला. नाव वर्ड प्रोसेसरवरून घेतलेलं: एका कळीला एक बोल. पुढे त्यात व्याकरण आलं. यंत्राने नियमांप्रमाणे पलटे रचायचे, ते उस्तादांपुढे ठेवायचे, उस्तादांनी बरोबर-चूक सांगायचं आणि त्यावरून नियम दुरुस्त करायचे. उस्ताद परीक्षक आणि यंत्र उमेदवार, असा तो मामला.

मराठी माणसाला बेल यांचं नाव खरं तर दुसऱ्या कारणाने ठाऊक असायला हवं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या कामात ध्वनिमुद्रणाची आणि संगणकावरच्या नोंदींची बाजू बेल यांनी पेलली. लखनौचा तबला आणि मावळातलं जातं एकाच माणसाच्या संगणकावर यावं, हा योग मला फार आवडतो.

तर त्याच पद्धतीने मी पायथन भाषेत चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. कायदा घेतला तो तबल्याच्या पहिल्या वर्षाला सगळेच शिकतात तो. धा धा ति ट, धा धा तूं ना. चार-चार बोलांचे तुकडे पाडले. पलट्याच्या अर्ध्या भागात असे चार तुकडे; शेवटचा ‘धा धा तूं ना’ ठरलेला, आधीचे तीन मोकळे. मोकळ्या जागी तीनांपैकी कोणताही तुकडा बसेल: ‘धा धा ति ट’, ‘ति ट धा धा’ किंवा ‘धा ति ट धा’. तीन जागा, प्रत्येकीला तीन पर्याय, म्हणजे २७ पलटे. आणखी दोन तुकडे घातले की १२५. उरलेला अर्धा भाग खालीचा, म्हणजे डग्गा गप्प ठेवून वाजवायचा. तो वेगळा लिहायचा नाही, पहिल्या अर्ध्यातून, म्हणजे भरीतूनच काढायचा: जिथे ‘धा’ तिथे ‘ता’.

इथेच मी आपटलो. आमच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले बुवा तरुणपणी कल्याणला तबला शिकलेले. त्यांना पहिला पलटा ऐकवला. बुवांनी मान खाली घालून ऐकला, मांडीवर टाळी-खाली धरली आणि म्हणाले, “अरे, हा खाली उतरला तो वर आलाच नाही.” बरोबरच होतं. मी खालीच्या अर्ध्यात सगळेच ‘धा’ बदलले होते. प्रत्यक्षात खालीची सुरुवात ‘ता’ने होते, पण उत्तरार्धात डग्गा परत बोलायला लागतो आणि शेवट ‘धा धा धीं ना’ असा भरून येतो, म्हणजे पुढची सम अंगावर येते. हा परतीचा नियम मला येत होता, हातात होता. लिहायचा मात्र राहिला. मग खालीतल्या चार तुकड्यांपैकी पहिल्या दोनांतच ‘धा’चा ‘ता’ करायचा आणि शेवटच्यात ‘तूं’चा ‘धीं’, अशी दुरुस्ती केली. बुवांनी दुसऱ्या खेपेला नुसतं “हं” केलं. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ.

आता मुरबाडकडे. आवाज का नव्हता? माझा प्रोग्राम स्वतः आवाज काढतच नाही. तो मिडीचे निरोप पाठवतो: अमुक क्रमांकाची थाप, अमुक क्षणी, इतक्या जोराने. निरोप घेऊन प्रत्यक्ष वाजवणारा कोणीतरी दुसरा लागतो. लिनक्सवर तो मी ‘फ्लुइडसिंथ’ नावाचा बसवला होता, आणि प्रोग्राममध्ये त्याचंच नाव थेट लिहून मोकळा झालो होतो. भाच्याच्या यंत्रावर त्या नावाचं कोणी नव्हतं, त्यामुळे निरोप हवेत विरत होते. चूक सर्वस्वी माझी. विंडोजमध्ये एक वाजवणारा आधीपासूनच बसलेला असतो. ‘जो हजर असेल त्याला निरोप दे’ अशी एक ओळ बदलली आणि आवाज आला.

आला, पण कसला? “मामा, हा कायदा नाय, बेंजो वाजतोय!” हळदीला जो बेंजो लागतो, तोच. कारण सरळ आहे. मिडीमध्ये कोणत्या क्रमांकाला कोणतं वाद्य, हे १९९१ साली एका प्रमाण यादीने ठरवून टाकलं: दहाव्या वाहिनीवर ३६ म्हणजे मोठा ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे मिटलेली झांज. तबल्याला त्या यादीत जागाच नाही. मी लिनक्सवर तबल्याचे आवाज वेगळे भरले होते. भाच्याकडे ‘धा’ला स्नेअर आणि ‘ति’ला झांज. कार्यक्रम रंगला असता, पण तो आमचा कार्यक्रम नव्हता.

मग मिडीचा नाद सोडला. बुवांना गाठून देवळात, पंखा बंद करून, एकेक बोल मोबाइलवर रेकॉर्ड केला. एका बोलाची एक फाइल. ‘तूं’मध्ये बारीक पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो, तो तसाच ठेवला. आता प्रोग्राम या फाइलीच एकापुढे एक मांडतो आणि शहापूर असो की मुरबाड, आवाज एकच.

इथे एका गैरसमजाला टोला द्यायला हवा. संगीताचं सॉफ्टवेअर म्हटलं की व्हिडिओवाले लगेच उशिराची भीती घालतात: विंडोजला एएसआयओ ड्रायव्हर हवाच, लिनक्सला जॅक हवाच, मॅकचा कोअर ऑडिओ सगळ्यांत भारी, वगैरे. हिशेब करून पाहा. यंत्र सेकंदाला ४४,१०० नमुने वाजवतं. ते १,०२४ च्या गठ्ठ्याने सोडलं, तर एका गठ्ठ्याला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. आवाज हवेत तेवढ्या वेळात आठेक मीटर जातो. म्हणजे तबलजी मंडपाच्या त्या टोकाला बसला आहे इतकंच. गठ्ठा २५६ चा केला की तो दोन मीटरवर येऊन बसतो. यंत्राबरोबर माणूस वाजवणार असेल, तर हे अंतर खुपतं आणि त्या ड्रायव्हरांची खटपट वसूल होते. आमचं यंत्र एकटंच वाजवतंय. त्याला उशीर झाला काय, न झाला काय! त्याचे ठोके आपापसांत समान अंतराने पडले, मध्येच खरखर झाली नाही, की भागलं. त्यासाठी गठ्ठा उलट मोठाच ठेवावा. दोन जीबीच्या जुन्या यंत्रालाही मग धाप लागत नाही.

खरी अडचण कुणी सांगत नाही ती यादृच्छिक आकड्यांची. मोकळ्या जागी कोणता तुकडा बसवायचा हे ठरवायला संगणक फासे टाकतो, ते खरे नव्हेत. एका ‘बीज’ आकड्यापासून ठरलेल्या कृतीने काढलेली ती रांग असते. बीज तेच, तर रांग तीच, त्यामुळे आवडलेला पलटा पुन्हा मिळवता येतो. पण सी भाषेतला प्रोग्राम यंत्रावरचे फासे उसने घेत असेल तर पंचाईत. विंडोजवर ते साधारणपणे ० ते ३२,७६७ मधले आकडे देतात, लिनक्सवर दोनशे कोटींच्या पुढपर्यंत, आणि काढण्याची कृतीही निराळी. बीज ७ दिलं तरी इकडे एक पलटा, तिकडे दुसराच. पायथन आपले फासे स्वतः बाळगतो, म्हणून आम्ही वाचलो. मी ‘बीज ११ ऐक’ म्हटलं की भाच्याला तेच ऐकू येतं.

आणि काळ गेला की सॉफ्टवेअरचं काय होतं? ब्रायन इनो या इंग्रज संगीतकाराने १९९६ मध्ये ‘जनरेटिव्ह म्युझिक १’ काढलं ते फ्लॉपीवर, कोअन नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारं, ठरावीक साउंड कार्ड मागणारं. आज ती फ्लॉपी कुणी हातात दिली तर घालायची कुठे? बोल प्रोसेसरही मॅकवर गेला, तिथे मोठा झाला आणि २०१९ मध्ये मॅकने ३२ बिटांचे प्रोग्राम चालवणं बंद केल्यावर अडकला. बेल यांनी तो नव्याने बांधला: गणित करणारा भाग सी मध्ये, दर्शनी भाग पीएचपीत आणि पाहायचा ब्राउझरमध्ये. त्यामुळे आता मॅक, विंडोज, लिनक्स तिन्हींवर चालतो. व्याकरण साध्या मजकुराच्या फाइलीत असल्याने ते या सगळ्या धामधुमीतून टिकून राहिलं. मीही तोच धडा घेऊन तुकड्यांची यादी प्रोग्राममधून काढून वेगळ्या फाइलीत ठेवली आहे, वहीत लिहावी तशी.

राहिला फोन. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर संगणक दुर्मिळ, अँड्रॉइड घरोघरी. तिथे पायथन बसवण्यापेक्षा ‘स्ट्रुडल’ सोपा. ओळी लिहून संगीत वाजवायच्या ॲलेक्स मॅक्लीनच्या ‘टायडलसायकल्स’ या सॉफ्टवेअरचा हा २०२२ पासूनचा ब्राउझरमधला अवतार. बसवायचं काही नाही, पान उघडून दोन ओळी लिहायच्या. ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्नच ब्राउझर गिळून टाकतो. फोनवर टाइप करायला जीव जातो आणि रेंज गेली की नवे आवाज उतरत नाहीत, हे मात्र आहे.

परवा बुवांच्या फोनवर स्ट्रुडल उघडून दिला. रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. वाटलं, बंद कसं करायचं ते विचारतील. बुवा म्हणाले, “चौदावा पलटा पुन्हा लाव म्हटलं तर लागत नाय. तुझ्याकडचा तो आकडा काय होता?” मागे टाळ वाजत होते.